टेबलावर मांडलेली माझी हाडे

मित्रांनो, मला बघून घाबरू नका. नगरला झेंडीगेटजवळच्या एका घराच्या पत्र्यावर सकाळी ऊन खात बसलेली जी म्हातारी माकडीण तुम्हाला दिसते, ती मीच. अंगावरचे केस झडले आहेत, एका डोळ्यात मोती पडला आहे आणि पत्र्यावरून खाली उतरताना पाय लटपटतात. मात्र डूख धरायची ताकद अजून जशीच्या तशी आहे. जनावरांना काही आठवत नाही, असे माणसे म्हणतात. त्यांना तसे वाटणे सोयीचे असते. मी उभ्या आयुष्यात दोन माणसांवर डूख धरला. एकाचा सूड घेतला, दुसऱ्याचा घ्यायचा राहून गेला. कसा, ते सांगते.

माझा जन्म कोल्हारचा. प्रवरेच्या काठी चिंचांची दाट रांग होती, तिथे आमचा कळप राही. एका दुपारी उसाच्या फडाच्या कडेला हरभरे पसरलेले दिसले. आईने हरभऱ्यांना हात घातला आणि वरून जाळे पडले. जाळे टाकणाऱ्याला माझ्या आईचा उपयोग नव्हता. थोराड माकड शिकत नाही. त्याने तिच्या पाठीत काठी घातली, मला तिच्या पोटापासून सोडवले आणि पोत्यात कोंबले. आई मागे किती लांब आली ते मला पोत्यातून दिसले नाही. ऐकू मात्र येत होते.

तो सहादेव माकडवाला. त्याने माझे चार सुळे पकडीने उपटले. माझे हात मानेमागून आडव्या काठीला बांधून मला दोन पायांवर उभे केले. खाली बसले की गळ्यातला दोर आवळे. एकदा मी खेचाखेच केली तेव्हा त्याने रागाने माझी शेपटी दगडावर आपटली; ती मधेच मोडली आणि तशीच वाकडी बसली. त्याची बायको झुंबरबाई भाकरी चावून मऊ करून माझ्या तोंडात घाली. ती म्हणायची, "आवो, लेकरू हाय ते. हळू घ्या की." तो म्हणायचा, "हळू घेतलं तर खानार काय?" मी ती भाकरी खात असे आणि मनात ठरवत असे, की एक दिवस याचा गळा धरायचा. सुळे नाहीत तर नाहीत.

माझे नाव छबूबाई ठेवले. बारा गावच्या बाजारात मी डोक्यावर गाडगे घेऊन चालत असे. सहादेव डुगडुगी वाजवून ओरडे, "छबूबाई निघाली सासरला!" आणि मी कंबर हलवत जाई. खेळाच्या शेवटी तो डुगडुगी अगदी संथ वाजवायचा. त्या तालावर मी डोळे मिटून मढ्यासारखी पडून राहायचे. लोक हळहळायचे, मग हसायचे. माझे फार कौतुक व्हायचे, मित्रांनो. त्या कौतुकात एकही माणूस असा नव्हता, की ज्याने माझ्या गळ्यातल्या दोराकडे पाहिले.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात लढाई नुकतीच संपली होती. घोडेगावच्या बाजारात बैलांची गर्दी होती. गर्दीत एक मुलगी उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती. खांद्याला शबनम पिशवी, एक लांब वेणी. बाकीचे माझे तोंड बघत होते. ती माझी कंबर बघत होती.

खेळ संपल्यावर ती सहादेवजवळ आली. "दादा, ही किती वर्षं अशी चालते?"

"ल्हानपनापास्नं. का वो ताई?"

"हिचं चालणं मोजायचंय मला."

सहादेव हसला. "मोजून काय करनार?"

"माणूस पहिल्यांदा दोन पायांवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या कमरेला काय झालं असेल, ते शोधतेय मी."

"त्ये घावलं तर कंबर दुखायची थांबंल व्हय? आमच्या झुंबरची लई दुखती."

"उलट आहे दादा," ती म्हणाली, "उभा राहिला तेव्हापासूनच दुखायला लागली."

ती बानू. नगरच्या कादर सय्यदांची मुलगी. कादरभाई नागापूरला एका कारखान्यात फिटर होते. बानू पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. विषय होता माणूस आणि वानर: दोघांचे पूर्वज एक, मग एकाची वाट वेगळी कुठे झाली. त्या दिवसापासून ती बाजारामागून बाजार आमच्याबरोबर हिंडू लागली. जमिनीवर चुलीची राख पसरायची, मला तिच्यावरून चालू द्यायची, आणि मग वाकून एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत फीत लावायची. मोजता मोजता ती माझ्याशी बोलायची. माकडाशी बोलले तर ते कुठे जाऊन सांगणार, असे तिला वाटत असावे.

तिच्या बोलण्यातून मला तिचे पुण्यातले दिवस कळले. तिच्या गाईडला ती सर म्हणायची. सरांच्या खोलीबाहेर ती दुपारभर बाकावर बसून राही. आत बोलावले, तर त्यांच्या पुस्तकाची मुद्रिते तपासायला. रविवारी त्यांच्या मुलीला गणित शिकवायचे. ग्रंथालयातले चिंपांझीच्या हाडांचे मोठे पुस्तक सरांच्या घरी असे, ते मागायची कुणाची छाती नसे. तिने आपला विषय मांडला, तेव्हा सर म्हणाले होते, "नाचणारं माकड? बानू, हे संशोधन आहे, जत्रा नाही."

ती मात्र हटली नाही. ती मला म्हणायची, "छबू, तुझ्या पोरांत हा बदल उतरणार नाही, मला माहीत आहे. पण हाडावर रोज ओझं पडलं की हाड कसं वागतं, ते तुझ्यात दिसेल. लाखो वर्षांपूर्वीची एक चुणूक मला तुझ्या पाठीत बघायला मिळेल."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाजार ओस पडले. लोक खडी फोडायला जाऊ लागले. सरकारी सुकडीवर पोरे जगू लागली. माकडाचा खेळ कोण बघणार? सहादेव आणि झुंबरबाईही तलावाच्या कामावर गेली. झुंबरबाई बानूला म्हणाली, "ताई, आमाला खायला न्हाई, हिला कुठनं घालू? तुमी न्या. जगली तर जगंल." सहादेवने दोर बानूच्या हातात दिला. मी त्याच्या मनगटावर झडप घातली. नुसत्या पुढच्या दातांनी काय होणार? थोडे रक्त आले, तेवढेच.

झेंडीगेटच्या घरात मला बघून बानूची अम्मी, बद्रुन्निसाबी, चुलीपुढून उठलीच. "या अल्ला! घरात दाण्याची चणचण, आणि तू माकड आणलंस?"

कादरभाई म्हणाले, "राहू दे गं. शिकलेलं जनावर आहे. आपल्या थोरल्या जावयापेक्षा शांत आहे."

बानूने पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यातला दोर सोडला. मी खाली वाकले, चारी हातपाय जमिनीला लावले, आणि त्या दिवसापासून परत उभी राहिले नाही. बानूला मोजायला अजून पुष्कळ हवे होते. तिने एकदाही मला उठवले नाही. मी मनात शपथ घेतली, की आता मेले तरी दोन पायांवर चालायचे नाही.

गावात राधाकृष्ण डॉक्टरांचा छोटा दवाखाना होता, तिथे एक्स-रेचे यंत्र होते. बानू मला पाटीत झाकून घेऊन गेली. डॉक्टरांनी मला थंड पत्र्यावर आडवे धरले. मी त्यांच्या अंगठ्याला चावले. फिल्म वाळल्यावर त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि कमरेच्या जागी बोट ठेवले.

"बानू, हा कणा माकडाचा वाटत नाही. कमरेत आत वळलाय. माणसाच्या कण्याला असतो तसा बाक आहे."

बानूने फिल्म हातात घेतली. ती हसत होती की रडत होती, मला सांगता यायचे नाही. एवढ्याशा काळ्या फिल्मवर माझी सगळी मारझोड उमटली होती: वळलेला कणा, आणि शेपटीचा मोडून वाकडा बसलेला सांधा.

तिने फिल्म पुण्याला नेऊन सरांना दाखवली. नाचणारे माकड म्हणून हिणवणारे सर दुसऱ्याच आठवड्यात जीप घेऊन नगरला हजर झाले. अम्मीने चहा दिला, तो तसाच राहिला. त्यांनी मला पालथी धरायला लावले आणि माझ्या कमरेवर दोन बोटे दाबत गेले. तोंडाकडे पाहिले नाही, शेपटीकडे पाहिले नाही.

"उत्तम," ते म्हणाले. "आता हाडं हवीत मला."

बानूला आधी कळलेच नाही. "सर, ती जिवंत आहे."

"म्हणूनच तर अडलंय. हिवाळ्यात परिषद आहे. नुसती फिल्म कोण बघतो? सांगाडा समोर ठेवला की बोलणं खुंटतं. एक सुई पुरे. तिला कळणारही नाही."

"सर, ती म्हातारी होऊन मरेल तेव्हा..."

"तोवर मी थांबू?" सर उठले. "तुझं नाव संस्थेत माझ्या सहीवर आहे, बानू. सही करता येते तशी खोडताही येते."

मित्रांनो, सहादेवने मला मारले, पण तो माझ्यावर चिडून मारत असे. या माणसाच्या आवाजात राग नव्हता. माझा मृत्यू त्याने चहाच्या कपासारखा बाजूला ठेवून दिला. त्या क्षणी माझ्या डुखाला दुसरा धनी मिळाला.

बानूने सरांना निरोप धाडला, की माकडीण पळून गेली. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी तलावाच्या कामावरून सहादेवला शोधून काढले. मालक तो, माल त्याचा. चार दिवसांनी जीप पुन्हा दारात उभी राहिली आणि सरांच्या मागून सहादेव उतरला. गालाची हाडे वर आली होती, हात खडीने फुटले होते.

मी तेव्हा माजघरातल्या धान्याच्या पत्र्याच्या कोठीत होते. दुष्काळात ती रिकामीच होती. झाकणाच्या फटीतून मला सगळे दिसत होते.

"वाजव तुझी ती डुगडुगी," सर म्हणाले. "इथं असेल तर येईल."

बानू भिंतीला टेकली. तिला माहीत होते आणि मलाही माहीत होते, की त्या आवाजावर माझे पाय माझे राहत नाहीत. ते आपोआप उठतात. इतक्या वर्षांच्या माराने ते तसे झाले होते.

सहादेवने घरभर नजर फिरवली. कोठीच्या फटीशी ती थांबली. आमची नजरानजर झाली. मग त्याने डुगडुगी उचलली आणि संथ, अगदी संथ वाजवू लागला.

मढ्याचा ताल. मी डोळे मिटले आणि पडून राहिले. श्वाससुद्धा जपून घेतला.

थोड्या वेळाने तो थांबला. "न्हाई साहेब. हितं न्हाई ती. असती तर आली आसती."

"विचार कर. तुला मी काय कबूल केलंय, लक्षात आहे ना?"

"हाय की ध्यानात. पर नसलेलं जनावर कुठनं दिऊ? खडी फोडतोय, फोडीन." दारातून बाहेर पडताना तो अम्मीला हळूच म्हणाला, "झुंबरनं तिला पदराखाली वाढवलीया. मी मोडली तिला. आता मारू कशी?"

मी त्याला माफ केले नाही. पुढे पाऊस झाला, तो एकदा दारात आला आणि मला पत्र्यावर चौपायी हिंडताना बघून म्हणाला, "झालीस का मोकळी?" मी त्याच्याकडे पाठ केली. त्याचा गळा धरायचा बेत मात्र त्या कोठीतच राहिला.

सरांनी आपला शब्द खरा केला. बानूचे नाव संस्थेतून कमी झाले. एक्स-रेची फिल्म त्यांच्याकडेच राहिली होती. बानू एका शाळेत शिकवायला लागली. हिवाळ्यात वर्तमानपत्रात सरांचा फोटो आला. त्यांनी परिषदेत एक अपूर्व सांगाडा दाखवला, विद्वान थक्क झाले, वगैरे वगैरे. बानूने ते वाचले आणि अंगणात पाण्याचा हंडा लाथेने उलटवला. पाण्याची टंचाई होती, तरी अम्मीने नुसता हंडा सरळ करून ठेवला.

नंतर नगरातच त्यांचे व्याख्यान ठरले. आपल्या जिल्ह्यातली माकडीण जगभर गाजली म्हणून जिल्ह्यातल्याच मंडळींनी त्यांना बोलावले होते. पत्रक घरात आले. त्यावर छापले होते: 'संशोधनकाळात मृत्यू पावलेल्या छबू या माकडिणीचा सांगाडा प्रत्यक्ष पाहण्याची संधी.'

अम्मी म्हणाली, "मेलेली छबू? अगं, ती तर आत्ता माझ्या हातची चपाती घेऊन पळाली!"

कादरभाई गंभीर झाले. "बेटी, तो मोठा माणूस आहे. आपण कोण?"

"अब्बा, मला डिग्री नको, काही नको," बानू म्हणाली. "त्याला बोलता बोलता गप्प झालेला बघायचाय."

तिच्या आवाजात जे होते ते मी ओळखले. माझ्या पोटात ते कोल्हारपासून होते.

सभागृह खच्चून भरले होते. बानूने मला पाटीत झाकून मागच्या दारापर्यंत आणले. आतून सरांचा आवाज येत होता: गोड, संथ, भरलेला. भिंतीवर फिल्मचे मोठे चित्र पाडले होते. टेबलावर तारेत ओवलेला एक सांगाडा उभा होता. अध्यक्षांच्या खुर्चीत राधाकृष्ण डॉक्टर बसले होते.

सर म्हणाले, "ज्या माकडिणीचा हा कणा आपण चित्रात पाहता, तिचीच ही हाडं."

बानूने पाटीवरचे फडके काढले. मला जमिनीवर ठेवले आणि माझ्याजवळ बसून म्हणाली, "छबू, तुला चालायचं असेल तर चाल. नाहीतर आपण घरी जाऊ. मी कधी बोल लावणार नाही."

तिने माझा हात धरला नाही. डुगडुगी नव्हती, दोर नव्हता, काठी नव्हती. माझी शपथ होती. मी ती मोडली. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून दोन पायांवर उभी राहिले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालू लागले.

आधी मागच्या रांगेत एक मूल ओरडले. मग माना वळल्या. कुजबुज माझ्यापुढे पुढे सरकत गेली आणि शेवटी व्यासपीठापर्यंत पोचली. सरांनी वर पाहिले. त्यांचे वाक्य अर्धेच राहिले.

मी पायऱ्या चढले आणि टेबलावर जाऊन माझ्याच हाडांशेजारी बसले.

"ही... ही दुसरी कुठली तरी माकडीण आहे," सर म्हणाले.

बानू मागून आली होती. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "डॉक्टरसाहेब, चित्रातली शेपटी बघा. मग सांगाड्याची बघा. मग हिची बघा."

डॉक्टर उठले. चित्रातली शेपटी मोडून वाकडी बसलेली होती. सांगाड्याची सरळ होती. माझी त्यांनी हातात धरून सगळ्यांना दाखवली. मग सांगाड्याच्या कमरेत बोट घातले आणि म्हणाले, "हा बाक हाडांत नाही. तार वाकवली आहे." आणि सरांकडे वळून, "फिल्म मी काढली होती, प्रोफेसर. हिने तेव्हा माझा अंगठा फोडला होता. मी हिला ओळखतो."

कुणीतरी हसले. मग दुसरा. मग सबंध सभागृह. सरांनी पाण्याचा पेला उचलला. तो न पिताच खाली ठेवला. मी त्यांच्याकडे एकटक बघत होते. मित्रांनो, मी त्यांना चावले नाही. चावले असते तर ते जनावराने जखमी केलेले गृहस्थ झाले असते आणि लोकांनी त्यांना खुर्ची दिली असती. मी नुसती ताठ उभी राहिले. ते मागे सरकत सरकत व्यासपीठाच्या कडेच्या दाराने गेले. ते हसणे मी आजही पत्र्यावर बसून आठवते आणि माझे पोट भरते. असे म्हणू नये, असे तुमच्या पुस्तकांत लिहिलेले असेल. मी म्हणते.

पुढे चौकशी झाली. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बानूला फिल्म परत मिळाली, दुसरे गाईड मिळाले, आणि काही वर्षांनी तिच्या नावामागे डॉक्टर लागले. पेढे वाटताना अम्मीने पहिला पेढा मला दिला.

एवढ्यावर माझी गोष्ट सुखाने संपायला हवी. पण त्या दिवशी टेबलावर माझ्या शेजारी जी बसवली होती, ती कोण? मी तिची कवटी हुंगली होती. रसायनात धुतल्यामुळे तिला काही वास उरला नव्हता. माझ्यासाठी आणलेली सुई तिला टोचली होती. बानूने पुण्याला खूप विचारपूस केली. कुठल्या पिंजऱ्यातून आणली, कुठल्या रानातली, कुणाला सांगता आले नाही. शेवटी ती हाडे मागून आणून बानूने आमच्या अंगणात पुरली. कादरभाईंनी वर एक दगड ठेवला. मी रोज तिथे जाऊन बसते. सूड घेतला तरी तिचा जीव परत कुणाकडे मागता येत नाही, माणसालाही नाही आणि माकडालाही नाही.

म्हणून माझ्या छोट्या मित्रांनो, तुम्ही उद्या मोठे व्हाल, शिकाल, माणूस कसा उभा राहिला ते शोधाल. जरूर शोधा. पण कुणाचा जीव टेबलावर ठेवण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. न बघणाऱ्यांना मी डूख धरून सांगते: आम्ही चालत येतो.

त्या सरांचे नाव मी तुम्हाला सांगितलेले नाही. ते विसरले जावे अशीच माझी इच्छा आहे. अंगणात पुरलेलीचे नाव मात्र मी नक्की सांगितले असते, पण तिला ते कुणी ठेवलेच नव्हते.